‘माझ्या आतड्याला भोकं पडली आहेत का?’

प्रश्न: माझं वय ४३. सायनसच्या त्रासासाठी गेल्या वर्षी मला अँटिबायोटिक्सचे लागोपाठ तीन कोर्स घ्यावे लागले. तेव्हापासून पोट बिघडलं ते आजतागायत. जेवलं की पोट फुगतं, गॅस होतो, मधूनच दोन-तीन दिवस पातळ शौचाला होतं. ‘लीकी गट’ म्हणजे ‘गळक्या आतड्या’बद्दल वाचून मी एका आहार सल्लागाराकडे गेले. रक्ताच्या चाचणीत झोन्युलिन वाढलेलं आलं आणि ‘आतड्याच्या अस्तराला भोकं पडली आहेत’ असं मला सांगण्यात आलं. त्यानंतर सगळी धान्यं, कडधान्यं, डाळी, फळं, कांदा, लसूण बंद केलं. ग्लुटामिनची पावडर आणि प्रोबायोटिक कॅप्सूल चालू आहेत. गॅस कमी झाला, पण शौचाला आता खडा होतो, वजन चार किलोंनी उतरलंय आणि काहीही तोंडात घालायची भीती वाटते. चांगले जिवाणू अस्तर दुरुस्त करतात हे खरं आहे का? कॅप्सूल किती दिवस घ्यायच्या? पाठ दुखली की मी आयबुप्रोफेन घेते, त्याने काही बिघडतं का?
— एक वाचक

उत्तर:

ताई, गॅस कमी झाला म्हणून आपण योग्य वाटेवर आहोत असं तुम्हाला वाटतंय. मला मात्र काळजी वाटते ती उतरलेल्या वजनाची आणि जेवणाबद्दल मनात बसलेल्या भीतीची.

तुमच्या मुख्य प्रश्नाचं उत्तर आधी देते. हो, जिवाणू आतड्याचं अस्तर निरोगी ठेवतात. ही जाहिरातीतली थाप नाही, त्यामागे चाळीसेक वर्षांचं संशोधन आहे. पण हे काम करणारे बहुतेक जिवाणू तुमच्या मोठ्या आतड्यात पूर्वीपासून मुक्कामाला आहेत. ते कॅप्सूलमधून येत नाहीत. आणि ज्या अन्नावर ते जगतात, नेमकं तेच तुम्ही बंद करून बसला आहात. गॅस कमी होण्याचं कारणही तेच. जिवाणूंना आंबवायला काही मिळालं नाही, म्हणून वायू झाला नाही. अस्तर भरून आल्याची ती खूण नव्हे.

आहाराकडे वळण्याआधी एक गोष्ट करा. पोटाच्या डॉक्टरांना दाखवून या. चार किलो वजन इतकं खाणं तोडल्यामुळेच गेलं असण्याची शक्यता बरीच आहे, पण ते गृहीत धरून चालणार नाही. शौचात रक्त, काळं डांबरासारखं शौच, रात्री झोपेतून उठवणारे जुलाब, ताप, रक्तातलं हिमोग्लोबिन कमी असणं, घरात कुणाला आतड्याचा कर्करोग, सिलिअॅक (गव्हातल्या ग्लूटेनमुळे अस्तराला इजा होण्याचा आजार) किंवा आतड्याच्या सुजेचा आजार असणं, यातलं काहीही असेल तर अजिबात थांबू नका. डॉक्टर बहुधा रक्त तपासतील, शौचातलं कॅलप्रोटेक्टिन हे प्रथिन पाहतील. ते वाढलेलं असेल तर आतड्याला सूज आहे का याचा शोध घेता येतो. सिलिअॅकसाठीही रक्ताची चाचणी असते, पण तुम्ही धान्यं सोडली आहेत हे त्यांना आवर्जून सांगा. कितीतरी आठवडे गहू पोटात गेला नसेल तर सिलिअॅक असूनही चाचणी नॉर्मल येऊ शकते आणि मग खरं दुखणं वर्षानुवर्षं लपून राहतं. लोक आधी धान्यं सोडतात आणि नंतर तपासणीला जातात, याची मला नेहमी हळहळ वाटते, कारण साधी चाचणी त्यामुळे निरुपयोगी होऊन बसते.

आता त्या भोकांबद्दल.

आतड्याला खरोखर भोक पडणं ही शस्त्रक्रियेची तातडी असते. तसा माणूस तीव्र वेदनेने तळमळत इस्पितळात जातो, पत्र लिहीत बसत नाही. तुम्हाला जे सांगितलं गेलं ते अस्तराच्या पारगम्यतेबद्दल होतं, म्हणजे अस्तरातून किती आणि काय आरपार जातं याबद्दल. हे अस्तर पेशींच्या एकाच थराचं असतं. लहान-मोठ्या आतड्यांचं मिळून ते साधारण ३० चौरस मीटर भरतं (टेनिस कोर्टाएवढं असतं ही जुनी समजूत २०१४ सालच्या मोजणीने मागे पडली). एवढ्या पातळ थराला दोन परस्परविरोधी कामं एकाच वेळी करायची असतात: पचलेलं अन्न आणि पाणी आत घ्यायचं आणि जंतूंना बाहेर ठेवायचं. शेजारशेजारच्या पेशींना जोडणारे सांधे क्लॉडिन, ऑक्लुडिन अशा प्रथिनांचे असतात. झिपसारखी त्यांची उघडझाप चालू असते, ती चालू असणं हेच निरोगीपणाचं लक्षण आहे. म्हणजे थोडीफार ‘गळती’ प्रत्येकाच्या आतड्यात असते. सिलिअॅक, क्रोन्स (आतड्याच्या दीर्घकाळच्या सुजेचा आजार) अशा आजारांत ती वाढते, मोठ्या आजारपणात आणि दारूच्या अतिरेकाने वाढते. पण ‘लीकी गट सिंड्रोम’ नावाचं स्वतंत्र निदान वैद्यकशास्त्रात मान्य नाही.

झोन्युलिन म्हणजे हे सांधे सैल करणारं प्रथिन. त्याच्या चाचणीवर तर मी मुळीच विसंबणार नाही. बाजारात मिळणारे किट तपासून पाहिले गेले तेव्हा ते झोन्युलिन मोजतच नाहीत, दुसरीच प्रथिनं पकडतात, असं दिसून आलं. ज्या आकड्यावर तुमच्या ताटातल्या निम्म्याहून अधिक गोष्टी गेल्या, तो आकडा भरवशाचा नव्हता. तुमचा त्रास मात्र खरा आहे. त्याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

दिलासा देणारी बाब अशी की अस्तर सतत नवं होत असतं. अस्तराच्या खोलगट घड्यांच्या तळाशी मूळ पेशी असतात, त्या नव्या पेशी घडवतात, त्या वर सरकतात, आपलं काम करतात आणि तीन ते पाच दिवसांत झडून जातात. शरीरात इतक्या झपाट्याने बदलणारे भाग फार थोडे. म्हणजे वर्षभरापूर्वीच्या औषधाने झालेली इजा पेशींमध्ये जशीच्या तशी साठून राहिली आहे, असं चित्र मनात असेल तर ते काढून टाका. आज तुमच्या अस्तरात असलेल्या बहुतेक पेशी या आठवड्यातल्या आहेत. प्रश्न एवढाच, की त्यांना रोजचं जेवण मिळतंय का.

हे जेवण कुठून येतं ते कळलं की बाकीचं सगळं आपोआप उलगडतं. शरीरातल्या बहुतेक पेशी रक्तातून आलेल्या साखरेवर चालतात. मोठ्या आतड्याच्या अस्तराच्या पेशी वेगळ्या आहेत. रोडिगर या संशोधकाने १९८० मध्ये माणसाच्या मोठ्या आतड्यातून काढलेल्या पेशींवर प्रयोग केले, तेव्हा त्या साखरेपेक्षा ब्युटिरेट नावाचं लहानसं स्निग्धाम्ल अधिक पसंत करतात असं दिसलं. त्यांच्या ऊर्जेचा साधारण ६० ते ७० टक्के भाग ब्युटिरेटमधून येतो. हे ब्युटिरेट आपलं शरीर तिथे तयार करत नाही. आपल्याला न पचलेले अन्नातले तंतू (फायबर) मोठ्या आतड्यात उतरतात, जिवाणू ते आंबवतात आणि त्यातून ब्युटिरेट, अॅसिटेट आणि प्रोपिओनेट ही आम्लं बाहेर पडतात. आपल्या देहाचा एक अवयव दुसऱ्या जिवांच्या हातून जेवतो. मी हे इतकी वर्षं वाचते आहे, तरी मला त्याचं नवल वाटायचं थांबलेलं नाही.

जिवाणूच नसतील तर काय होतं? प्रयोगशाळेत पूर्णपणे जिवाणूमुक्त वाढवलेल्या उंदरांत २०११ साली हे पाहिलं गेलं. त्यांच्या मोठ्या आतड्याच्या पेशी उपाशी होत्या आणि जगण्यासाठी स्वतःचेच घटक मोडून खात होत्या. ब्युटिरेट दिल्यावर हे थांबलं. माणसांतलं उदाहरण याहून बोलकं आहे. काही रुग्णांत शस्त्रक्रिया करून शौचाचा मार्ग पोटावर वळवावा लागतो, त्यामुळे मोठ्या आतड्याचा पुढचा भाग रिकामा पडतो. तिथे अन्नाचा अंश जात नाही, जिवाणूंना आंबवायला काही मिळत नाही. अशा रिकाम्या भागाच्या अस्तराला बऱ्याचदा सूज येते, आणि मार्ग पुन्हा जोडला की ती सहसा ओसरते. १९८९ साली डॉक्टरांनी अशा मोजक्या रुग्णांच्या त्या भागात ब्युटिरेटसह ही आम्लं सोडली आणि काही आठवड्यांत सूज उतरली. पुढच्या प्रयत्नांत इतका ठळक परिणाम दरवेळी दिसला नाही, हेही सांगायला हवं. तरी आतडं तेच, माणूस तोच, फक्त अन्न आणि जिवाणूंचा व्यवहार थांबला की अस्तर आजारी पडतं, ही गोष्ट त्यातून दिसतेच.

ब्युटिरेटचा आणखी एक उपयोग सहसा कुणी सांगत नाही, पण तुमच्या अँटिबायोटिक्सच्या अनुभवाशी त्याचा थेट संबंध आहे. पेशी ब्युटिरेट जाळतात तेव्हा भरपूर ऑक्सिजन वापरतात. त्यामुळे अस्तरापाशी ऑक्सिजन जेमतेम उरतो आणि आतड्याच्या पोकळीत जवळजवळ नसतोच. चांगले म्हणून ओळखले जाणारे बहुतेक जिवाणू ऑक्सिजन सहन करू शकत नाहीत, त्यांना हीच हवा मानवते. अँटिबायोटिक्सनी ब्युटिरेट करणारे जिवाणू मारले की पेशी साखरेकडे वळतात, ऑक्सिजन कमी वापरतात, उरलेला पोकळीत झिरपतो. मग साल्मोनेलासारख्या आणि ई. कोलायच्या घराण्यातल्या, ऑक्सिजनवर पोसणाऱ्या जंतूंचं फावतं. उंदरांवरच्या प्रयोगांत २०१६-१७च्या सुमारास ही साखळी टप्प्याटप्प्याने दाखवली गेली. म्हणजे जिवाणू अस्तराला पोसतात आणि पोसलेलं अस्तर त्याच जिवाणूंसाठी घर राखतं. हे चक्र तुटलं की दोन्हीकडून बिघडतं, आणि जुळलं की दोन्हीकडून सावरतं.

पेशींच्या वर म्यूकसचा बुळबुळीत थर असतो. शौचावाटे कधी आव पडते, ती यातलीच. मोठ्या आतड्यात त्याचे दोन पदर असतात. आतला घट्ट, पेशींना चिकटलेला. बाहेरचा सैल, जिवाणूंनी भरलेला. स्वीडनमधल्या गोथेनबर्गच्या संशोधकांनी २००८ मध्ये उंदरांच्या आतड्यात दाखवलं की आतल्या पदरात जिवाणू जवळपास नसतातच. इतके अब्जावधी जिवाणू अंगावर वागवूनही अस्तराला रोज सूज येत नाही, त्याचं मोठं श्रेय या पदराला. ज्या उंदरांना या म्यूकसचं मुख्य प्रथिनच बनवता येत नाही, त्यांना आतड्याची सूज येते.

आणि हा थर चांगला जमण्यासाठीही जिवाणू लागतात. जिवाणूमुक्त उंदरांचा म्यूकस सदोष असतो; त्यांच्यात जिवाणू सोडल्यावर तो नीट व्हायला कित्येक आठवडे जातात. २००४ मध्ये नेदरलँड्समध्ये ओळख पटलेला अकरमॅन्सिया हा जिवाणू तर म्यूकस खाऊनच जगतो, आणि तरी तो बहुधा निरोगी माणसांतच जास्त आढळतो. तो वरवरचा म्यूकस खातो, त्यातून इतर जिवाणूंना खाद्य मिळतं, आणि अस्तरातल्या पेशी नवा म्यूकस सोडत राहतात. पोटभर तंतू येत असतील तोवर हा व्यवहार सुरळीत चालतो.

तंतू आले नाहीत तर? इथे थोडं थांबून वाचा, कारण तुमच्या सध्याच्या आहाराबद्दल मी का इतकी आग्रही आहे ते यात आहे. अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठातल्या गटाने २०१६ मध्ये जिवाणूमुक्त उंदरांत माणसाच्या आतड्यातले १४ जिवाणू वसवले. काहींना तंतूंनी भरलेलं खाणं दिलं, काहींना तंतू नसलेलं. तंतू न मिळालेल्या उंदरांत जिवाणूंनी मोर्चा म्यूकसकडे वळवला आणि तो थर बराच पातळ झाला. मग आतड्याला ग्रासणारा एक जंतू दोन्ही गटांना दिला, तेव्हा उपाशी जिवाणूंचे उंदीर कितीतरी जास्त आजारी पडले. तंतूविरहित खाण्यात शुद्ध केलेल्या तंतूंची पूड मिसळूनही थर वाचला नाही. उंदीर म्हणजे माणूस नव्हे, हे मान्य. पण अस्तर वाचवायचं म्हणून धान्य, डाळी, फळं सगळंच सोडणं किती उलट दिशेला नेऊ शकतं, याचा अंदाज यावरून यावा.

एकच एक ‘चांगला जिवाणू’ शोधण्यातही फारसा अर्थ नाही. बायफिडोबॅक्टेरिया तंतू मोडून अॅसिटेट आणि लॅक्टेट बनवतात, पण ब्युटिरेट बनवत नाहीत. फीकॅलिबॅक्टेरियम, रोझबुरिया आणि त्यांचे भाऊबंद ते अॅसिटेट-लॅक्टेट वापरून ब्युटिरेट बनवतात. त्यातलं फीकॅलिबॅक्टेरियम प्राउस्निट्झी हे निरोगी प्रौढांच्या आतड्यात सर्वाधिक आढळणाऱ्या जिवाणूंपैकी एक, आणि क्रोन्सच्या रुग्णांत ते बऱ्याचदा घटलेलं दिसतं. ते ऑक्सिजन लागताच मरतं, म्हणून नेहमीच्या कॅप्सूलमध्ये भरणं अवघड. दुकानातल्या बहुतेक कॅप्सूलमध्ये लॅक्टोबॅसिलस आणि बायफिडोबॅक्टेरियमच का असतात, याचं एक कारण हेच: ते बनवायला आणि टिकवायला सोपे. प्रतिकारशक्तीला शांत ठेवण्यातही या मंडळींचा हात आहे. ब्युटिरेटमुळे सूज आवरणाऱ्या टी पेशींची (प्रतिकारशक्तीच्या एका प्रकारच्या पेशींची) संख्या वाढते, हे २०१३ मध्ये उंदरांत एकाहून अधिक गटांनी दाखवलं.

मग अँटिबायोटिक्सनंतर तुमच्या आतड्यात उरलं काय? भीती वाटते त्याहून बरंच काही. डेन्मार्कमधल्या २०१८च्या एका अभ्यासात १२ निरोगी तरुण पुरुषांना चार दिवस तीन जहाल अँटिबायोटिक्स एकत्र दिली. दीड महिन्यात त्यांच्या जिवाणूंची घडी बहुतांशी पूर्वीसारखी बसली. सहा महिन्यांनंतरही आधी सगळ्यांत आढळणाऱ्या नऊ जाती मात्र बहुतेकांत परतल्या नव्हत्या. तुम्ही तीन कोर्स घेतलेत, त्यामुळे सावरायला वेळ लागेल, पण मैदान उजाड झालेलं नाही. आणि ते कोर्स घेतल्याबद्दल स्वतःला बोल लावू नका. गरज असताना घेतलेलं अँटिबायोटिक हा योग्यच उपचार असतो. पुढच्या वेळी फक्त डॉक्टरांना मोकळेपणाने विचारा, की सायनसचा हा त्रास जिवाणूंचा आहे की विषाणूंचा, कारण तो बऱ्याचदा विषाणूंचा असतो आणि तिथे अँटिबायोटिकचा उपयोग नसतो.

कॅप्सूल थांबवा, असा माझा सल्ला आहे. इस्रायलमधल्या वाइझमन संस्थेच्या संशोधकांनी २०१८ मध्ये अँटिबायोटिक्स घेतलेल्या निरोगी माणसांचे गट पाडले. ज्यांनी नंतर प्रोबायोटिक्स घेतले, त्यांचे मूळचे जिवाणू परतायला काही न घेणाऱ्यांपेक्षाही जास्त वेळ लागला. अभ्यास लहान होता, पण ‘घेऊन ठेवलं तर नुकसान काय’ या समजुतीला त्याने नक्कीच धक्का दिला. अमेरिकेतल्या पोटविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०२० मध्ये सगळे पुरावे चाळून सांगितलं की पोटाच्या बहुतेक तक्रारींसाठी प्रोबायोटिक्स सुचवण्याइतका आधार नाही. काही ठरावीक ठिकाणी, उदाहरणार्थ अँटिबायोटिक चालू असतानाच क्लॉस्ट्रिडिऑइड्स डिफिसिल या जंतूमुळे होणारे जुलाब टाळण्यासाठी, विशिष्ट प्रकारांचा उपयोग होऊ शकतो. तुमचे कोर्स केव्हाच संपले.

ग्लुटामिनबद्दल थोडक्यात. लहान आतड्याच्या पेशी ते इंधन म्हणून वापरतात, हे खरं. पोटाच्या संसर्गानंतर जुलाब लागून राहिलेल्या काही रुग्णांना त्याचा फायदा झाल्याचंही एका अभ्यासात दिसलं. पण तुमचा त्रास तसा सुरू झाला नव्हता, आणि साध्या जेवणातल्या प्रथिनांतूनही ग्लुटामिन मिळतं. त्यावर पैसे घालवण्याआधी पोटभर जेवा.

तेव्हा डॉक्टरांनी तपासून ‘गंभीर काही नाही’ म्हटल्यावर जेवण परत आणायचं, पण घाईने नाही. इतके दिवस उपाशी असलेल्या जिवाणूंपुढे एकदम मोठं ताट ठेवलंत तर गॅसने जीव नकोसा होईल आणि तुम्ही पुन्हा सगळं बंद कराल. एका वेळी एकच पदार्थ, लहान वाटीने, तीन-चार दिवस तेवढाच. नंतर पुढचा. तुम्हाला आधी पातळ होत होतं, आता खडा होतोय, म्हणून मी इसबगोलपासून सुरुवात करेन: अर्धा चमचा, भरपूर पाण्याबरोबर. ते फारसं आंबत नाही, त्यामुळे फारसा गॅस करत नाही आणि शौच दोन्ही बाजूंनी मार्गावर आणतं. पण आंबत नाही म्हणूनच त्यातून ब्युटिरेटही फारसं मिळत नाही, तेव्हा त्यावरच थांबायचं नाही.

त्यानंतर ओट्स, नीट शिजवलेला भात, उकडलेला बटाटा, गाजर. भात-बटाटा शिजवून गार केला की त्यातल्या काही स्टार्चचं रूप बदलतं. ते लहान आतड्यात पचत नाही, थेट खालच्या जिवाणूंपर्यंत पोचतं आणि त्यांना ते फार आवडतं. गरम करून खाल्लंत तरी त्यातलं बरंचसं टिकतं. मग सोललेल्या डाळी, मऊ शिजवलेल्या, पहिल्यांदा दोन-तीन चमचेच. केळं, संत्रं ही फळं बऱ्याच जणांना सोसतात. अख्खी कडधान्यं भिजवून, भिजवलेलं पाणी टाकून, पुरती शिजवून. कांदा, लसूण आणि गहू शेवटी, कारण त्यातले फ्रुक्टन नावाचे तंतू झपाट्याने आंबतात आणि ज्यांचं आतडं हळवं झालंय त्यांना सर्वांत जास्त फुगवतात. त्यात वाईट काही नाही. ब्युटिरेट बनवणाऱ्या साखळीला तेच फ्रुक्टन पोसतात. तुमच्या आतड्याला त्यांची सवय व्हायला थोडा अवधी हवा, इतकंच. एखादा पदार्थ खरोखरच सोसला नाही तर तेवढाच मागे ठेवा, महिन्याभराने पुन्हा करून पाहा. यादी परत आखडत नेऊ नका.

प्रौढ माणसाच्या पोटात दिवसाला किमान २५ ग्रॅम तंतू अन्नातून जावेत, अशी जागतिक आरोग्य संघटनेची २०२३ची शिफारस आहे. तिथवर पोचायला तुम्हाला दोन-तीन महिने लागले तरी काही बिघडत नाही. वजनकाटा घेऊन ग्रॅम मोजत बसू नका, मोजण्यानेही भीती वाढते. आठवड्यात किती वेगवेगळ्या वनस्पती खाल्ल्या याकडे लक्ष असू द्या, कारण निरनिराळ्या जिवाणूंना निरनिराळे तंतू लागतात. दूध सोसत नसेल तर दही चालतं का पाहा. स्टॅनफर्डमध्ये २०२१ साली ३६ जणांवर झालेल्या अभ्यासात दही, केफिर (आंबवलेलं पेय), आंबवलेल्या भाज्या असे पदार्थ दहा आठवडे वाढवत नेलेल्यांच्या आतड्यातल्या जिवाणूंची विविधता वाढली आणि रक्तातल्या सुजेच्या खुणा घटल्या. कॅप्सूलपेक्षा मला ही वाट जास्त पटते.

या काळात गॅस होईल. थोडा गॅस म्हणजे जिवाणू कामाला लागल्याची खूण. वेदना, उलट्या किंवा वाढत जाणारे जुलाब म्हणजे थांबून डॉक्टरांना कळवण्याची. दोन्हीत गल्लत करू नका. जेवणाची भीती तरीही गेली नाही, ताटापुढे बसताच छाती धडधडत असेल, तर आहारतज्ज्ञाबरोबर एखाद्या समुपदेशकाचीही मदत घ्या. पोट आणि मन यांच्यात मज्जातंतूंची ये-जा सतत चालू असते, आणि भीतीने आतड्याची हालचाल खरोखर बदलते. ही मदत मागण्यात कमीपणा नाही.

राहिलं आयबुप्रोफेन. तुमचा हा प्रश्न बाकी सगळ्यांहून महत्त्वाचा ठरू शकतो, आणि तुम्ही तो सर्वांत शेवटी, सहज विचारलात. या जातीची वेदनाशामकं अस्तराचं रक्षण करणाऱ्या प्रोस्टाग्लँडिनचं प्रमाण कमी करतात. जठरात व्रण होतात हे बहुतेकांना माहीत असतं, पण लहान आतड्याची पारगम्यताही त्यांनी वाढते आणि नियमित घेणाऱ्यांत तिथेही बारीक जखमा होतात. महिन्यातून एखादी गोळी घेत असाल तर फार चिंता नको. आठवड्यातून कित्येकदा घेत असाल, किंवा रिकाम्या पोटी घेत असाल, तर जेवणात इतका काटेकोरपणा पाळून दुसरीकडून अस्तराला इजा होत राहील. पाठीसाठी पॅरासिटामॉल चालेल का, व्यायामोपचाराने भागेल का, हे पोटाच्या तपासणीला जाल तेव्हाच विचारून घ्या. गेल्या दोन महिन्यांत किती गोळ्या घेतल्या, हे आठवून कागदावर लिहून न्या. सल्लागाराच्या अहवालापेक्षा तो कागद डॉक्टरांना जास्त उपयोगी पडेल.